गावाची सहल गावालाच चालवू द्या: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

रामटेक तालुक्यात, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावी आम्ही काही नागपूरकर मे महिन्यात पोराबाळांसह मुक्कामी गेलो होतो. सहल गावच्याच समितीची. राहण्या-जेवणाचे पैसे ज्या घरी उतरलो त्या घराला आणि वर माणशी वर्गणी गावनिधीला. त्यातून अंगणवाडीचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं, हे ग्रामसभेत आधीच ठरलेलं. वह्या-पेन वाटायला मात्र मनाई. पोरांच्या हातात बिस्किटं देऊन फोटो काढायचे नाहीत, हे गावात शिरताच सांगतात. शहरी दानशूरांना हा नियम झोंबतो. झोंबू द्या.

तेंदूचा हंगाम होता. पहाटे तोडून आणलेली पानं ओसरीवर पसरून घरची आजी पुडे बांधत होती. 70 पानांचा एक पुडा, पण ती मोजताना दिसतच नव्हती. बोटं आपली चालत होती. आमच्या पोराने मोठ्या ऐटीत एक पुडा बांधून दिला. आजीने तो सोडला, फाटकी पानं बाजूला काढली आणि म्हणाली, "असे फळीवर घेत नाही रे बाबू." फळी म्हणजे तेंदूपानं विकत घेतात ती जागा.

ही सहल चालवणारी गावची समिती पाहुणे ठेवण्याच्या सरकारी नोंदणीसाठी हेलपाटे घालते आहे. अर्ज एकेका घरमालकाच्या नावाने करा, समितीच्या नावाने होत नाही, असं तिला सांगितलं जातं. मग गावनिधीचं काय?

जानेवारी 2024 मध्ये पेंच देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या भागातल्या पथदिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. तारे बघायला येणाऱ्यांच्या गाड्या मात्र गाव ओलांडून थेट रिसॉर्टात जातात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ग्रामसभा बांबूचा व्यवहार सांभाळते, तर दहा पाहुण्यांच्या जेवणाचा हिशेब तिला जमणार नाही?

म्हणून मागणी एवढीच: नोंदणी समितीच्या नावाने व्हावी, अर्ज रामटेकलाच घेतला जावा, आणि पाहुणे किती व कधी घ्यायचे हे ग्रामसभेने ठरवावं. ठेकेदार मध्ये नको.

डिसेंबरात अधिवेशनाला नागपुरात याल, तेव्हा एक मुक्काम या गावी करा. ताफा आणू नका. वर्गणी भरा, आणि जमलं तर नोंदणीचा आदेश सोबत आणा.

आपला,
एक नागपूरकर