आजीला एकदा विचारा

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला कधीच गेला, जेवणही वेळेवर होतं. आणि बाबा, एवढं शिकून म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, असं काका म्हणत असतील तर म्हणू देत. मला हे काम आवडतं.

इथली एक रीत मात्र मला दोन महिने कळलीच नव्हती. केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. दार वाजवून आत जायचं. आंघोळ आत्ता की संध्याकाळी, खिडकी उघडू का, दिवा मालवू का, सगळं विचारायचं. मला वाटायचं, सकाळी एवढ्या जणांचं आवरायचं, यात किती वेळ जातो! एका आजींना फार विसरायला होतं. "आज काय घालायचं?" म्हटलं की त्या गोंधळतात. म्हणून दोन स्वेटर समोर धरायचे आणि गप्प उभं राहायचं. परवा बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या, मग निळ्याची बाही हळूच ओढली. मी घाईत तपकिरी चढवून मोकळी झाले असते.

याला इथल्या कायद्याचाही आधार आहे. इंग्लंड-वेल्सचा २००५ चा 'मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट' सांगतो की माणसाला निर्णय घेता येत नाही हे सिद्ध होईपर्यंत, तो घेता येतो असंच धरायचं. निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही, एवढं कारण पुरत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी वृद्धाश्रमातल्या काही जणांना कुंडीतलं रोप स्वतः सांभाळायला दिलं, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही त्यांनाच ठरवू दिलं. बाकीच्यांची रोपं नर्सच बघायच्या. तीन आठवड्यांत स्वतः ठरवणारी माणसं जास्त तरतरीत दिसली.

हे ऐकलं आणि आपली आजी आठवली. निघण्याआधी तिची खाट खिडकीपासून मागच्या खोलीत मीच हलवली, पडेल म्हणून. ती काही बोलली नाही आणि मी तो होकार धरला. खाट कुठे हवी, तिला एकदा विचारा. समोर बसून, सावकाश. "कुठेही चालेल" म्हणाली तर दोन्हीकडे बसवून बघा. हे मी तिथे असतानाच करायला हवं होतं.

पैसे काल पाठवलेत. दादाच्या लग्नाला रजा मिळेलसं वाटत नाही, रागावू नका. हॉलचे उरलेले पैसे पुढच्या महिन्यात नक्की पाठवते. मामाने आणलेल्या स्थळाला मात्र एवढ्यात होकार कळवू नका. आधी मला त्याच्याशी बोलू द्या.

आजीला नमस्कार. खाटेचं तेवढं लक्षात ठेवा.

तुमची,
मनू