बिनकोयीचा आंबा खाऊ घालणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

आम्ही वेंगुर्ल्याला तुमच्याकडे हापूसची कलमं न्यायला आलो होतो. तुम्ही पैशांचं काही न बोलता आधी अढीतला एक आंबा काढलात. "आदी खा गो, मगे इचार," म्हणालात. तो सिंधू जातीचा होता. तुमचे आभार तिथंच मानायचे राहून गेले, कारण आम्ही सगळे कोय शोधत होतो.

सुरी तुम्ही बरोब्बर मधोमध घातलीत आणि ती अडली नाही. आत कोय म्हणून जे निघालं ते वाळक्या शेंगेच्या टरफलासारखं, चपटं नि हलकं. गर गर्द केशरी, रेषेचं नाव नाही. फळ हापूसहून लहान, गोडी त्याच्या जवळची. वास मात्र हापूसचा नव्हे, तो घरभर सुटणारा घमघमाट याला नाही. विकणारा माणूस हे सहसा बोलत नाही, तुम्ही आधीच सांगून टाकलंत. माझ्या मुलाची तक्रार वेगळीच होती: बाठा नाही तर चोखायचं काय? आमच्याकडे बाठ्यावरून भांडण झाल्याशिवाय आंबा संपत नाही, त्यामुळे मला त्याचं पटलंच.

नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली रत्ना आला. मग रत्नाचा पुन्हा हापूसशीच संकर करून कोकण कृषी विद्यापीठानं १९९२ साली सिंधू दिला. एवढं मी वाचलेलं होतं. साक्याचं, म्हणजे हापूसचा गर आतून बिघडतो त्याचं, मात्र तुमच्याकडून कळलं. वरून निर्दोष दिसणारा हापूस पाहुण्यांसमोर कापावा आणि आत पांढुरका, आंबूस, भुसभुशीत गर निघावा, हे आम्ही दरवर्षी सोसतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याचा संबंध कोयीशी जोडला आहे. फळ झाडावर असतानाच आतल्या बीला रुजायची घाई होते आणि ती भोवतालच्या गरातलं सत्त्व ओढून घेते, असं त्यांचं म्हणणं. तुमचं उत्तर त्याहून आटोपशीर: "कोयच नाय, तर साको खंयसून?" (रत्नाला कोय असूनही साका होत नाही, तेव्हा गोष्ट इतकी सरळ नसावी. पण तेव्हा तोंडात आंबा होता, वाद कोण घालणार!)

खरे आभार मात्र त्यानंतरच्या तासाभराचे. बी रुजत नाही, मग हे झाड वाढवायचं कसं, असं मी विचारलं आणि तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून वाफ्याकडे नेलंत. रायवळाच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, कोयी रुजवलेल्या, तांबूस कोवळे कोंब वर आलेले. कोंब शेंड्याकडून छाटून मधोमध चीर दिलीत, सिंधूची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवलीत आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलीत. बिनकोयीच्या आंब्याला उभं राहायला कुठल्या तरी आंबट, रेषाळ रायवळाची कोय लागते, हे मी त्या वाफ्याजवळ बसून पाहिलं. मुलगा तर बाठा विसरून काड्या तासायला बसला. त्याच्या हातात धारदार चाकू देताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही, हे बरंच झालं, मी नको म्हटलं असतं.

हापूसची कलमं घेतलीच. वर तुम्ही सिंधूचं एक दिलंत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पहिला पाऊस झाल्यावर ते विहिरीच्या वरच्या अंगाला, पाणी साचत नाही अशा जागी लावलं. जोडाच्या खालून रायवळाची फूट आली की खुडायची, हे काम मुलाकडे आहे. पहिली काही वर्षं मोहोर काढून टाकायचा, हे त्याच्या आजीला अजून पटलेलं नाही. तिला तुम्ही फोनवर समजवाल का?

आणि यंदा आमच्या परसातल्या रायवळाच्या कोयी टाकल्या नाहीत. धुऊन सावलीत सुकवल्या आहेत, जवळजवळ अर्धं पोतं भरेल. जुन्या झाल्या की रुजत नाहीत म्हणालात, म्हणून याच रविवारी तुमच्याकडे पोचवते.

तुमची,
चाकूवाल्या मुलाची आई