डुकराचं हृदय म्हटलं की नुसते जोक्स

मा. संपादक,
माणसाला डुकराचं हृदय बसवायचा विषय निघाला की आमच्या खानापुरात चहाच्या गाड्यावर नुसते जोक्स, पण आतलं काम कुणी सांगतच नाही ओ. 2022 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एका पेशंटला ज्या डुकराचं हृदय बसवलं त्या डुकरात 10 जीन (जनुकं) बदललेले, त्यातले 6 माणसाचे, त्यातलाच एक सीडी46, त्याचं प्रोटीन पेशीच्या वरच्या बाजूला बसतं आणि आपल्या रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची, परक्या पेशींवर तुटून पडणाऱ्या प्रोटीनांची फौज अंगावर आली की तिला तिथंच थोपवतं. पेशंट दोनेक महिनेच जगला, हे पण छापा की. शिवाय माणसाचा जीन प्राण्यात घालणं काही नवं नाही, 1990 मध्येच कंबर आखडण्याच्या आजाराशी जोडलेला माणसाचा एचएलए-बी27 नावाचा जीन उंदरात घातला तर त्यांचे सांधे आणि आतडी सुजली (कंबर आखडणाऱ्यांनी हे वाचावंच). बेळगाव पुरवणीत राजकारण थोडं कमी करून अर्धा कॉलम याला द्या.
– एक वाचक, खानापूर