तिसऱ्या इंजेक्टरची वायर: काकांना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पनवेलला मुलाकडे राहायला गेलात, त्याला दोन महिने झाले. फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "जेवलास का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची नात वाचून दाखवील. माझ्यासारखे गॅरेजवाले वाचतील, आणि ज्यांच्या गाड्या आमच्या हातात येतात ती माणसंही वाचतील. तुम्ही त्या दिवशी माझं काय वाचवलंत, हे त्यांनाही कळायला हवं.

ऑक्टोबरमधली ती पेट्रोल गाडी तुम्हाला आठवत असेलच. चार सिलिंडरची, आपल्या नर्सताईंची. त्या चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या बाजूला ड्युटीवर जातात, कधी दिवसा, कधी रात्री. सकाळी थंड इंजिनवर गाडी लोण्यासारखी चालायची. शिरगाव मागं पडलं, इंजिन तापलं आणि चढ लागला की धक्के सुरू. पिकअप जायचा, गाडी थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागायचा. एकदा रात्री पावणेदहाला घाटातल्या वळणावर त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली, मागून ट्रक येत होते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्या रागावल्या नव्हत्या. "दादा, मला ही गाडी भरवशाची हवी, बाकी काही नको," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कारण तोवर मी त्यांच्या गाडीत दोनदा हात घातला होता. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर दोन कोड होते: पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), आणि पी-०२०३, म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरच्या (सिलिंडरला पेट्रोल फवारतो तो भाग) सर्किटमध्ये दोष. मी पहिला कोड धरला. प्लग बदलले, प्लगला ठिणगी देणारी तिसरी कॉइल बदलली. चार दिवसांनी गाडी परत. मग दुसरा कोड धरला आणि नवा इंजेक्टर टाकला. पुन्हा चार दिवस, पुन्हा तोच कोड. तेव्हा कुठे मी दुसऱ्या नंबरचा इंजेक्टर तिसऱ्याच्या जागी घालून पाहिला. हे काम खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं, त्याला पैसे लागत नाहीत. कोड दुसऱ्यावर सरकला नाही, तिसऱ्यावरच राहिला. म्हणजे इंजेक्टर निर्दोष होता, जुना आणि नवा दोन्ही. कॉइल आणि इंजेक्टर मिळून ताईंचे सहा हजारांच्या वर गेले होते. आणि मी मनाशी पक्कं केलं होतं की आता ईसीएमच, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच, गेला. नव्या ईसीएमचा भाव तीस हजारांच्या पुढे होता. ताईंना फोन करायला मोबाइल हातात घेतला होता, तेवढ्यात तुम्ही सुनेच्या स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करायला पाना मागायला आलात.

तुम्ही पाना घेतलात आणि विचारलंत, "कोडमध्ये काय म्हटलंय?"

मी म्हटलं, "इंजेक्टर नंबर तीन."

"इंजेक्टर म्हटलंय की इंजेक्टरचं सर्किट म्हटलंय?"

काका, त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देता देता मला कळलं की मी पंधरा दिवस काय करत होतो. इंजेक्टरला दोनच वायरी. एकीवर चावी फिरवली की रिलेमार्गे बारा व्होल्टचा सप्लाय येतो, तो चारही इंजेक्टरना मिळून एकच. दुसरी प्रत्येकाची वेगळी, थेट ईसीएमला जाते. ईसीएम ती वायर क्षणभर अर्थला जोडतो, इंजेक्टर उघडतो. सोडतो, इंजेक्टर बंद होतो. आयडलला ८०० आरपीएमवर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, आणि दर वेळी उघडा राहतो तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता. इंजेक्टर बंद असताना ईसीएमला आपल्या पिनेवर बॅटरीचा व्होल्टेज दिसायला हवा, कारण तो इंजेक्टरच्या वेटोळ्यातून फिरून तिथवर पोचतो. तो दिसला नाही की ईसीएम कोड टाकतो. आता तो का दिसला नाही? इंजेक्टरचं वेटोळं तुटलं असेल, कपलरची (वायर जोडायच्या प्लगची) पिन ढिली असेल, मधली वायर गेली असेल, किंवा ईसीएमच्या आत बिघाड असेल. ईसीएमला यातलं काही वेगळं ओळखता येत नाही. मी मात्र पहिलं टोक बदललं आणि एकदम शेवटच्या टोकावर उडी मारली. मधल्या दीड मीटर वायरीचा विचारच केला नाही.

मग तुम्ही शर्टाच्या बाह्या वर केल्यात. हॉर्न राहिला.

आधी तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलंत. पहिला, दुसरा, चौथा, टिकटिक एकसारखी. तिसरा मध्येच गप्प. मग मागं जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहिलात आणि मला बोलावलंत. "वास घे. ठिणगी पडत नसती तर कच्चं पेट्रोल बाहेर आलं असतं, डोळ्यांना झोंबलं असतं. इथं तसं काही नाही. तिसऱ्यात पेट्रोलच जात नाहीये, नुसती हवा आत जाते आणि हवाच बाहेर येते." स्कॅनरवर हीच गोष्ट मला दुसऱ्या भाषेत दिसत होती आणि मी ती वाचली नव्हती: फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम किती टक्के जास्त पेट्रोल पाजतोय तो आकडा, वीसच्या वर चढला होता. तिसऱ्यातून आलेली कोरी हवा ऑक्सिजन सेन्सरला भेटत होती, ईसीएमला वाटत होतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि तो उरलेल्या तिघांना जास्त पाजत होता. ताई म्हणत होत्या की अ‍ॅव्हरेजही पडलंय, त्याचं कारण हे. कॉइल बदलण्याआधी मी सर्किटचा तो दुसरा कोड नीट वाचला असता तर कॉइल बदललीच नसती.

यानंतर जे झालं ते मी वहीत लिहून ठेवलंय. इथं सविस्तर लिहितो, कारण याच जागी बहुतेक जण फसतात.

मी तुम्हाला सांगितलं की वायर मी तपासली आहे. खोटं नव्हतं. मीटर ओहमवर लावून इंजेक्टरच्या कपलरपासून ईसीएमच्या कपलरपर्यंत मोजलं होतं, ०.६ ओहम आलं होतं. चावी चालू करून ईसीएमच्या बाजूला व्होल्टेजही पाहिला होता, १२.३ आला होता. दोन्ही आकडे चांगले. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "साकवावरून माणूस चालत गेला म्हणून एसटी जाईल का रे?"

हे वाक्य मी माझ्याकडच्या दोन्ही पोरांना शिकवलंय. मीटर ओहम मोजताना वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. व्होल्टेज मोजताना तर जवळजवळ काहीच ओढत नाही. इंजेक्टरचं वेटोळं मात्र साधारण १४ ओहमचं, म्हणजे बारा-साडेबारा व्होल्टवर त्याला जवळपास एक अँपिअर लागतो. वायरीतल्या दोन-चार तारा शिल्लक असल्या तरी मीटर खूश होतो. खरं वजन पडल्यावर त्या वायरीचं काय होतं, ते मीटर सांगत नाही.

तुम्ही गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावलीत, मगच ईसीएमचा कपलर काढू दिलात. बाकावरची दुसरी बॅटरी घेतली. मधे छोटा फ्यूज टाकून वायरीच्या एका टोकाला सप्लाय दिला आणि दुसऱ्या टोकाला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे इंजेक्टरपेक्षा जास्तच. आणि मला दोनदा बजावलंत की हा बल्ब फक्त मोकळ्या वायरीला लावायचा, ईसीएमच्या पिनेवर कधीच नाही. आतला ड्रायव्हर एवढ्या ओझ्यासाठी बनवलेला नसतो, चांगला ईसीएम आपल्याच हाताने जाईल.

पहिल्या वायरीवर बल्ब लख्ख. दुसऱ्या, चौथ्या वायरीवर तसाच. तिसरीवर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल. बल्ब पेटता ठेवून वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजला: पहिल्या वायरीत ०.१, तिसरीत पाचच्या वर. बॅटरीतला जवळजवळ निम्मा जोर त्या दीड मीटरमध्येच जिरत होता.

मग तुम्ही हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत निघालात, बोटभर पुढे, थोडं वाकवायचं, बल्बकडे बघायचं. मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे जिथं हार्नेस ब्रॅकेटला वळसा घालतो, तिथं बल्ब पूर्ण विझला. बोट सोडलं, पुन्हा लाल. टेप कापली. वायरीचं वरचं प्लॅस्टिक धड दिसत होतं. तुम्ही चष्मा वर करून वायर डोळ्यांशी नेलीत आणि म्हणालात, "इथं सुई टोचलेली आहे."

ब्लेडने प्लॅस्टिक उकललं, तर आतलं तांबं हिरवं पडून त्याची भुकटी झाली होती. मूळच्या तारांपैकी धड अशा तीनच राहिल्या असतील. इंजिन तापलं, हललं की त्याही एकमेकींपासून सुटत होत्या.

ती सुई माझी होती, काका. जूनमध्ये हीच गाडी स्टार्टिंगच्या तक्रारीसाठी आली होती. इंजेक्टरला पल्स येतोय का ते बघायचं होतं, कपलरपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून मी हाताला आली ती वायर सुईने टोचली. मोजलं, सुई काढली, विसरलो. त्यानंतर चिपळूणचा अख्खा पावसाळा त्या टाचणीएवढ्या भोकातून आत झिरपला. मी तुम्हाला तिथंच सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. थोडा वेळ वायरीकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "पुराच्या वर्षी असल्या किती वायरी उकलल्या मी." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, त्यानंतर तुम्ही कित्येक महिने बुडालेल्या गाड्यांचं वायरिंग सोडवत बसला होता, हे मी ऐकून होतो. वरून सुकलेली वायर आतून पाणी धरून ठेवते आणि महिनोन्‌महिने तांबं खात राहते, हे तुम्ही तेव्हा गाडीमागून गाडी बघितलं होतं. तुमच्या त्या मेहनतीचा फायदा त्या दिवशी मला फुकट मिळाला.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. हिरवं तांबं संपून लालसर, चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी वायर कापली, तेवढ्याच जाडीचा तुकडा मधे घातला, डाग दिला, आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम केली. ब्रॅकेटपाशी हार्नेस ताणलेला होता, तिथं थोडी ढील देऊन नव्याने बांधला. भंगारातल्या कपलरची पिन आणून चारही कपलरांची पकड तपासायला लावलीत. बल्ब पुन्हा लावला, लख्ख. सामान शंभर रुपयांच्या आतलं.

मी पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हॉर्नचा पाना दे." आणि जाताना म्हणालात, "बाईंना काय सांगायचं ते तू ठरव."

मी ताईंना सगळं सांगितलं, सुईसकट. कॉइल आणि इंजेक्टरचे पैसे परत दिले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "आता घाटात बंद पडणार नाही ना?" मी त्याच संध्याकाळी त्यांच्या गाडीत बसून हेळवाकपर्यंत गेलो आणि आलो, स्कॅनर लावून. तिसरा सिलिंडर एकदाही चुकला नाही. ट्रिम तीन-चारवर येऊन थांबला होता. ताई अजून माझ्याकडेच गाडी आणतात. मागच्या महिन्यात त्यांनी भावाचीही आणली. हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही हवं तर बाहेर चार ठिकाणी सांगू शकला असता की या पोराने वायर मारली. आजवर मला हे कुणाकडून ऐकू आलेलं नाही.

गॅरेजात आता वायर टोचायची सुई नाही. कपलरच्या मागून, रबराच्या सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजतो, आणि काम झालं की सील पुन्हा दाबून बसवतो. पल्स बघायला इंजेक्टरच्या कपलरमध्ये बसणारा छोटा टेस्टर दिवा आणलाय. परवा एक गाडी आली, पी-०२०१, म्हणजे पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटचा कोड, दुसऱ्या एका ठिकाणी ईसीएम बदला म्हणून सांगितलेली. पोरांनी आधी इंजेक्टर अदलाबदल करून पाहिला, मग मोकळ्या वायरीला बल्ब लावला. चाळीस मिनिटांत सापडलं: एअर फिल्टरच्या डब्याखाली उंदराने वायर अर्धी कुरतडली होती. मालक वडापाव खाऊन येईपर्यंत गाडी तयार. थोरल्या पोराने मला न विचारता बल्ब काढून पुन्हा खिळ्याला अडकवला, तुम्ही ठेवून गेलात त्याच खिळ्याला.

शिमग्याला पालखीला येणार आहात असं सूनबाई म्हणाल्या. एक दिवस जास्तीचा काढून या. एक गाडी मुद्दाम ठेवलीय, चारही इंजेक्टरचा सप्लाय अधूनमधून एकदम जातो. रिलेपर्यंत पोचलोय, पुढचं तुमच्यासमोर बघायचंय. आणि स्कूटरचा हॉर्न मी करून दिलाय, त्याची काळजी करू नका.

आपला,
कऱ्हाड रोडवरचा गॅरेजवाला
चिपळूण