प्रोमोतल्या आजी रडत नव्हत्या

प्रति,
प्रेक्षक संपर्क विभाग,
वाहिनीचे मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : रात्री साडेआठच्या मालिकेच्या महाएपिसोडचा खास खेळ, तिथे झालेली गैरसोय आणि त्यानंतर दाखवलेला प्रोमो.

महोदय,

शनिवारी सकाळपासून आपल्या वाहिनीवर महाएपिसोडचा एक प्रोमो लागत होता. त्यात काळोख्या थिएटरात हिरव्या नऊवारीतल्या एक आजी रुमालाने डोळे टिपताना दिसतात. मागे सनई, खाली मोठी अक्षरं : 'प्रेक्षकांना अश्रू अनावर!' त्या आजी माझ्या सासूबाई. त्या रडत नव्हत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालाय आणि चार वाजता डोळ्यात थेंब घालायचे असतात. ते मी घातले, ओघळ गालावर आला, त्यांनी तो टिपला. तेव्हा घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि तुमचा महाएपिसोड सुरूही झाला नव्हता.

आता पहिल्यापासून सांगते.

तुम्ही पाच दिवस रोज भागाच्या शेवटी एक प्रश्न विचारलात. थोरल्या सुनेनं देवघरात काय लपवलं, वगैरे. उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवायचं, विजेत्यांना महाएपिसोड दोन दिवस आधी ठाण्यात मोठ्या पडद्यावर आणि कलाकारांची भेट. पाचही उत्तरं सासूबाईंनी सांगितली, मी फक्त टाइप केली. त्या सह्याद्रीवरच्या 'दामिनी'पासून रोजच्या मालिका बघतात. कोण कोणाचा सावत्र, कोणाची चिठ्ठी कोणाच्या हाती पडली, हे त्यांना आमच्या भावकीपेक्षा पक्कं माहीत असतं. तुमचा फोन आला त्या दिवशी त्यांनी शेजारी साखर वाटली.

आम्ही वाईला राहतो. तिथून ठाणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. पहाटे निघालो. खंबाटकीचा बोगदा गेला तरी उजाडलं नव्हतं. स्वारगेटला गाडी बदलून खोपटच्या स्टँडवर उतरायला साडेअकरा, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तुमच्या थिएटरशी पोचायला पाऊण वाजला. प्रवासखर्चाचं म्हणाल तर सासूबाई 78 वर्षांच्या. 75 पूर्ण झालेल्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे आणि बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाला तुमच्यापेक्षा एसटी महामंडळाचाच हातभार जास्त लागला.

पासवर 'दोन व्यक्ती, दुपारी 3' असं होतं. आम्ही 1 वाजता रांगेत उभ्या राहिलो. 3 वाजता रांग हलली, आणि आमच्या पुढे चाळीसेक माणसं असताना दार लावून घेतलं. 'हाऊसफुल्ल झालं.' मी पास दाखवला. टी-शर्ट घातलेल्या मुलानं पास उलटा करून एक ओळ दाखवली, आधी येणाऱ्याला आधी, जागेची हमी नाही. तीही इंग्रजीत, तिळाएवढ्या अक्षरांत. मराठी मालिकेच्या मराठी प्रेक्षकांना दिलेल्या पासावर मराठी फक्त मालिकेचं नाव! मुलगा मात्र प्रामाणिक होता. म्हणाला, "काकू, फुकटच्या पासवाले निम्मे येतच नाहीत, म्हणून आम्ही जास्त वाटतो. आज सगळेच आले." सगळेच आले, हा जणू आमचा गुन्हा.

सासूबाईंच्या काळ्या चष्म्याकडे बघून कुणाला तरी दया आली आणि आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं. आमच्या मागे उभी असलेली माणसं तशीच राहिली. त्यात सोलापूरहून रात्रभर प्रवास करून आलेली तीन माणसं होती. त्यांची तक्रार ती करतील न करतील, मी इथे नोंदवून ठेवते.

आत पाहते तर पुढच्या दोन ओळींत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, त्यांवर कागद चिकटवलेले : 'प्रायोजक', 'इन्फ्लुएन्सर'. आम्हाला सगळ्यात वरच्या ओळीच्या मागे प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मिळाल्या. आमचे फोन दारातच पिशवीत घालून सील केले होते, कारण भाग फुटू नये. थेंबांचा गजर त्याच फोनमध्ये होता, म्हणून मी मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसले. पुढच्या दोन ओळींतल्या मुली मात्र गोल दिवे लावून रील करत होत्या. त्यांच्या फोनला सील नव्हतं.

आता मुद्द्याचं. साडेतीन ते सव्वाचार तुम्ही आम्हाला काही दाखवलं नाही. तुम्ही आमचं शूटिंग केलंत. कॅमेरे तुमच्या पडद्याखाली, तोंड आमच्याकडे. एक दाढीवाले गृहस्थ माइकवरून सूचना देत होते : "आता टाळ्या. आता दचका. आता समजा, मेलेला माणूस दारात उभा राहिलाय. हात तोंडावर! मागच्या काकू, हसू नका." टाळ्या तीनदा घेतल्या, कारण पहिल्यांदा कमी पडल्या आणि दुसऱ्यांदा कुणाचं तरी डोकं मध्ये आलं. दचकणं चारदा. मेलेला माणूस कोण, हे त्यांनी इथेच सांगून टाकलं, पण ते असो.

आम्ही वाईची माणसं, शूटिंगचं आम्हाला नवल नाही. 'स्वदेस'मधलं गाव म्हणजे आमचं मेणवली. कृष्णेच्या घाटावर कुठला ना कुठला कॅमेरा लागलेलाच असतो. आमच्या आळीतल्या एक काकू एकदा अशाच जमावात उभ्या राहिल्या होत्या. त्यांना दिवसाची मजुरी मिळाली, दुपारचं जेवण मिळालं, आणि आधी सांगितलं होतं की तुम्ही जत्रेतली बाई आहात. आम्हाला ठाण्यात प्रेक्षक म्हणून बोलावलंत आणि विनामजुरीचा जमाव करून टाकलंत. जेवणाच्या जागी एक समोसा आणि प्रायोजकाच्या मसाल्याची 10 रुपयांची पुडी.

याच गडबडीत चार वाजले, मी थेंब घातले, आणि तुमच्या कुठल्याशा कॅमेऱ्यानं वरच्या अंधारातून सासूबाईंना हेरलं.

पासाच्या मागे 'आत येणाऱ्याचं चित्रीकरण होऊ शकतं' असंही छापलेलं असेल, नव्हे आहेच, मी घरी येऊन भिंगानं वाचलं. चित्रीकरणाला ती संमती धरलीत तर धरा. पण माझ्या सासूबाई कशानं हेलावल्या हे ठरवायची संमती त्यात कुठे आहे? त्या चौथी शिकलेल्या आहेत, मराठी चौथी. तुमचा कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नाही. आणि त्यावर 'अश्रू अनावर' लिहिलंत ते तर सरळ खोटं.

भागाबद्दल थोडक्यात. तासाच्या महाएपिसोडमधून जाहिराती काढल्या तर पाऊण तासाचा ऐवज असतो एवढं आम्हाला कळतं. आम्हाला घड्याळानं 19 मिनिटं दाखवलीत. आबा दारात उभे राहिले, तिघींचे चेहरे प्रत्येकी तीन-तीनदा जवळून दिसले, ढँण ढँण ढँण, आणि पडद्यावर अक्षरं आली : 'पुढे काय होणार? पाहा रविवारी!' अडीचशे माणसं एका सुरात "आँ?" म्हणाली. तो आवाज मात्र तुम्ही प्रोमोत घेतला नाहीत. आवाजाचा ताळमेळ तर घरच्या टीव्हीपुरताच बेतलेला. मोठ्या हॉलमध्ये पार्श्वसंगीतानं कानठळ्या बसत होत्या आणि आबा काय बोलले ते मागे ऐकूच आलं नाही. त्याआधी आणि नंतर मिळून मसाल्याची तीच जाहिरात चार वेळा. टीव्हीवर निदान तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, थिएटरात तुम्हाला रान मोकळं.

कलाकारांची भेट म्हणजे दोघेजण मंचावर आले, पुढच्या ओळींसोबत फोटो काढले आणि गेले. थोरल्या सुनेचं काम करणाऱ्या बाई जाताना पायऱ्यांवरून वर बघून सासूबाईंना नमस्कार करून गेल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, हे कृपया त्यांना कळवा.

निघताना त्या दाढीवाल्या गृहस्थांनी सगळ्यांना हात वर करून शपथ घ्यायला लावली, की रविवारपर्यंत कुणाला काही सांगणार नाही. बाकीच्यांनी हसत हात वर केले. सासूबाईंनी खरोखर शपथ घेतली. शनिवारी प्रोमो लागला आणि भुईंजहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन : "तू रडलीस म्हंजे आबा खरंच गेले का गं?" सासूबाई म्हणाल्या, "आगं मी कुटं रडले? पर बाकीचं मला सांगता यायचं न्हाई. शब्द दिलाय." बहिणीनं तीनदा विचारलं, यांनी तीनदा नाही सांगितलं. दुपारी तुमच्याच वाहिनीच्या पानावर आबा दारात उभे असलेलं रील आलं. मावशींच्या नातवानं ते त्यांना दाखवलं. तेव्हापासून मावशी बोलत नाहीत. तुमच्या गुपिताला आमच्या घरात तुमच्यापेक्षा जास्त मान मिळाला आणि त्याची भरपाई बहिणी-बहिणींच्या अबोल्यात झाली.

शिवाय शनिवार-रविवारी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारपूस केली ती वेगळीच. दूधवाला म्हणाला, "आजी, मालिकाच हाय ती, एवढं मनाला लावून घिऊ नका." ज्या बाईनं नवरा गेला तेव्हाही चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तिला तुम्ही सबंध महाराष्ट्रासमोर मालिकेसाठी रडवलंत. हे त्यांना लागलंय. त्या बोलून दाखवत नाहीत, पण गेले दोन दिवस साडेआठला टीव्ही लावायला त्यांनी मला सांगितलेलं नाही.

माझा भाचा वकिलाकडे कामाला आहे. तो म्हणतो, पास फुकट असल्यानं तुम्ही 'हे ग्राहकच नव्हेत' असं म्हणाल. म्हणा. पण तुमच्या वाहिनीचे पैसे केबलच्या बिलातून दरमहा जातात, आणि जे द्यायचंच नाही त्या बक्षिसाची स्पर्धा लावणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये येतं, हेही त्यानंच दाखवलं. वाहिनीवर दाखवलेल्या गोष्टीबद्दल तक्रार आली तर 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय, असा 2021 चा नियम आहे. तो आशयाबद्दलचा आहे हे मला माहीत आहे. पण प्रोमो हा आशयच, तेव्हा मी मुदत तीच धरते. नंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करीन.

मला पैसे नकोत. तो प्रोमो वाहिनीवरून आणि तुमच्या सगळ्या पानांवरून काढा, आणि काढल्याचं लेखी कळवा. सासूबाईंच्या नावानं, मराठीत, मोठ्या टायपात एक पत्र पाठवा, की त्या रडत नव्हत्या आणि तसं लिहिणं ही तुमची चूक होती. ते पत्र त्या भुईंजला घेऊन जाणार आहेत. दाराबाहेर राहिलेल्या पासधारकांची यादी तुमच्याकडे आहे; त्यांना बोलावून पूर्ण भाग दाखवा, खुर्च्यांवर नंबर घालून. आणि पुढच्या वेळी शूटिंग करायचं असेल तर तसं निमंत्रणावरच लिहा. हौसेनं येणारीही माणसं असतात, सगळेच काही नाही म्हणणार नाहीत.

पास, एसटीची तिकिटं, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि मसाल्याची न फोडलेली पुडी सोबत जोडली आहे. नाव, पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर आहेत. ते कृपया कुठल्या प्रोमोत येऊ नयेत.

आपली,
वाईची एक प्रेक्षक

ता. क. : पत्र वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी एवढं घालायला सांगितलं. ऑपरेशननंतर त्यांना लख्ख दिसतं, त्यात पडदा मोठा. आबांच्या अंगणातली तुळस प्लॅस्टिकची आहे. ती तेवढी बदला म्हणतात. रोप हवं असेल तर त्या देतील.