निळी बाटली

८ ऑगस्ट २०२३

प्रिय मनू,

सकाळी तुझा मेसेज आला, 'बसमध्ये बसलोय, ठीक आहे.' त्यानंतर काहीच नाही. बॅटरी संपली असेल, असं बाबांचं म्हणणं. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण बॅटरीच वाटते. मी मात्र टीव्हीसमोरून हललेली नाही. कोरियात सेमानगुमला, तुमच्या स्काउटांच्या जागतिक मेळाव्याच्या, म्हणजे जांबोरीच्या मैदानातून हजारावर बसगाड्या बाहेर काढतायत म्हणे, आणि मी वेड्यासारखी एकेका खिडकीत तुझा स्कार्फ शोधतेय.

खरं सांगू का, वादळाची मला फारशी धास्ती नाही. ते खानून वादळ धडकायच्या आत तुम्हाला हलवलं, आता डोक्यावर पक्कं छप्पर असेल. माझी धास्ती जुनीच आहे, जिच्यावरून निघायच्या आदल्या रात्री आपलं वाजलं. तू पाणी पीत नाहीस.

डोळे फिरवू नकोस. पुढे वाच.

विमानतळावर सगळ्या टोळीसमोर मी ती निळी बाटली तुझ्या सॅकला बांधायला आले, ते चुकलंच. 'आई, मी सोळा वर्षांची आहे,' एवढंच म्हणालीस आणि मागे न बघता गेलीस. तुझा राग मला कळला. पण बाटली सोडून ठेवली नाहीस, तेही मी पाहिलं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते विचारू नकोस. १ तारखेला शिबिर सुरू झालं आणि लगेच बातम्या यायला लागल्या. पारा पस्तिशीला, उन्हानं मुलं आजारी. मग ब्रिटनची चार हजारांहून जास्त पोरं सोलच्या हॉटेलांत गेली, अमेरिकेची त्यांच्या लष्करी तळावर. मी देवाला म्हटलं, आमच्या पोरीलाही उचल. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोटो! ब्राझीलच्या त्या उंच मुलीशी डाव्या हातानं शेकहॅंड, तिचा स्कार्फ तुझ्या गळ्यात, तुझा तिच्या. बाबा म्हणाले, 'बघ, कशी हसतेय.' मी तुझे ओठ बघत होते. सालपटं निघालेली होती.

अगं, ती समुद्र हटवून काढलेली जमीन. झाडाचा पत्ता नाही, हवा दमट. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवणार कसं? तहान लागायची वाट बघायची नसते, ती उशिरा लागते. नुसतं पाणीही पुरत नाही, घामाबरोबर मीठ जातं, म्हणून ओआरएसच्या पुड्या दिल्या होत्या. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की सावलीत बसायचं आणि लीडरना सांगायचं. सांगायचं म्हणजे सांगायचं, 'मी ठीक आहे' असं नाही.

झालं. पुन्हा वर्ग घेतला. प्रथमोपचाराचा बॅज तुझ्या बाहीवर आहे, माझ्या नाही. दादाचा हात मोडला त्या दिवशी आम्ही दोघं नुसते ओरडत होतो आणि तू गळ्यातला स्कार्फ सोडून झोळी बांधत होतीस. टोळीतल्या बाकी आठ जणींना तू तासातासाला पाणी पाजलं असशील याबद्दल मला शंकाच नाही. मी नववीबद्दल विचारतेय.

आता जे सांगते ते आजीलाही माहीत नाही. बाबांनाही नाही.

१९९१ साली मी पंधराची होते. त्या वर्षीही जांबोरी कोरियातच होती, सोराकच्या डोंगरात. बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा आम्हा मुलींना तो देश चंद्राइतका लांब वाटला होता. आम्ही गेलो तीन दिवसांच्या साध्या शिबिराला. तंबूंच्या मागे, उताराखाली, ताडपत्री लावून संडास केलेले. दार म्हणजे फडकं, वाऱ्यानं उडायचं. रात्री तिथे जायचं म्हणजे अंधार, चिखल, आणि कोणाला उठवायचं हा प्रश्न. मग मी सोपा उपाय काढला. पाणी पिणंच सोडलं. जेवताना दोन घोट, तेवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी झेंड्याखाली, सलामीचा हात कपाळाशी असताना, सरळ खाली गेले. सगळे म्हणाले ऊन लागलं. मीही म्हटलं ऊन लागलं. आजतागायत तेच सांगत आले. बाईंना एकदा म्हटलं असतं तर त्या कंदील घेऊन बरोबर आल्या असत्या. रोज आल्या असत्या. मला लाज वाटली.

तू निघालीस तेव्हा मी हे सांगायला हवं होतं, आणि मी बाटली बांधत बसले.

तिथल्या संडासांबद्दलही बातम्यांत आलं होतं. तू फोनवर एकदा म्हणालीस, 'आई, तो विषय नको.' मला तिथेच कळलं.

बाबा काल तुझं जांबोरीच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते. पहिली जांबोरी १९२० ला लंडनमध्ये, काचेच्या छपराच्या भल्यामोठ्या हॉलात. १९२९ ला इंग्लंडमधल्याच आरो पार्कमध्ये इतका पाऊस की मैदानाचा चिखल झाला. 'म्हणजे दर वेळी काहीतरी होतंच,' असं म्हणून त्यांनी मला धीर दिला. मग स्वतःच रात्री दोन वाजता उठून फोन बघत होते.

दीडशेच्या वर देश, त्रेचाळीस हजार पोरं, आणि त्यांत माझी एक. अभिमान वाटतो गं. शेजारी-पाजारी विचारतात तेव्हा छाती फुगवूनच सांगते. दार लावलं की पुन्हा बाटली आठवते.

हे पत्र पाठवत नाही. परत आलीस, सॅक रिकामी करायला बसलीस, की हातात देईन. तेव्हा बाटलीबद्दल विचारणार नाही. बसमध्ये राहिली असली तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. आत्ता तुझा मेसेज आला. कुठल्याशा विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचलीस. कोणत्या शहरात, खोलीत कोण कोण, जेवलीस का, काही नाही. फक्त एवढंच: 'इथली बाथरूम स्वच्छ आहेत.' बाबा म्हणाले, हे काय लिहिणं झालं? मी त्यांना काही सांगितलं नाही.