‘राजस’ शब्दाची दोन कुळे

संपादक महोदय,

वाढदिवसाच्या फलकांवर आणि अलीकडे मथळ्यांतही ‘राजस नेतृत्व’ असा शब्दप्रयोग दिसू लागला आहे. लिहिणाऱ्याला ‘राजाला शोभेल असे नेतृत्व’ म्हणायचे असते हे उघड आहे. परंतु या शब्दाला दोन कुळे आहेत आणि ‘नेतृत्व’ शेजारी येताच तो नको त्या कुळात जाऊन बसतो.

पहिला ‘राजस’ रजोगुणाचा. गीतेच्या 18व्या अध्यायात राजस कर्त्याची लक्षणे दिली आहेत : आसक्त, कर्मफळाची हाव धरणारा, लोभी, हिंसक, अशुचि आणि हर्षशोकाने हेलकावणारा. शुभेच्छुकांना नेत्याविषयी एवढे स्पष्ट बोलायचे असेल असे वाटत नाही! उपाहारगृहांच्या ‘राजस थाळी’चीही तीच गत; 17व्या अध्यायातील राजस आहार अतितिखट, अतिखारट असून दुःख, शोक व रोग देणारा आहे. तिथे ‘शाही’ हा रुळलेला शब्द पुरेसा आहे.

दुसरा ‘राजस’ मराठी मनाने राजाशी जोडलेला, आणि खास आपला. ‘राजस सुकुमार मदनाचा पुतळा’ असे तुकोबा विठ्ठलाला म्हणतात. त्या अभंगात मुकुट, कुंडले, वैजयंती असा सगळा राजथाट आहे, तरी ‘राजस’ला लागून शब्द येतो तो ‘सुकुमार’. या राजसपणात रूप आहे, कोवळीक आहे, डौल आहे. सत्ता किंवा हुकमत मात्र नाही. म्हणूनच जात्यावरच्या ओवीत लाडकी लेक राजस असते आणि लावणीतली नायिका ‘राजसा’ म्हणून हाक मारते ती प्रियकराला, सिंहासनावरच्या राजाला नव्हे. ‘राजबिंडा’ हा शब्दही असाच रूपापुरता.

राज्य करणाऱ्याच्या गुणांसाठी मराठीने वेगळे शब्द राखले आहेत. समर्थ रामदासांचे शिवरायांना लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात यशवंत, कीर्तिवंत, नीतिवंत, आचारशील, विचारशील आणि ‘जाणता राजा’ अशी विशेषणांची रांगच आहे. तीत ‘राजस’ नाही. आपल्या दैनिकाने निदान मथळ्यांत तरी हा भेद पाळावा, ही विनंती.

मुलाचे नाव ‘राजस’ ठेवलेल्या आईवडिलांनी मात्र हे पत्र वाचून धास्तावू नये. त्यांचा राजस तुकोबांच्या कुळातला आहे.

– एक निवृत्त मराठी शिक्षक, सातारा